आई मे महिन्यात म्हणाली होती

सर,

आधीच सांगते, मी अजून हादरलेलीच आहे. परत येऊन अकरा दिवस झाले. बॅगा रिकाम्या झाल्या, आईनं रेनकोट पुसून, घड्या घालून माळ्यावर टाकले, तरी मी मेथी निवडता निवडता मध्येच थांबते आणि मोठ्यानं म्हणते, "असं कसं झालं पण?" आई वर बघतसुद्धा नाही. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. तुम्ही माझे वडील, आणि मी तुम्हाला 'सर' म्हणते, हे तुम्हाला सांगायला नको, पण कागदावर ते मलाच विचित्र दिसलं म्हणून लिहून टाकलं. तर बातमी अशी, की मी आईला व्हिक्टोरिया धबधबा दाखवून आणला. 'रिटायर झालो की नेतो' असं तुम्ही तिला सांगायचात ना, तोच तो आफ्रिकेतला. तुम्ही रिटायर व्हायच्या दोन वर्षं आधीच निघून गेलात. तुम्ही नेलं नाही, मी नेलं. हे एक वाक्य तुमच्या तोंडावर फेकायचं म्हणून मी एवढा सगळा खटाटोप केला होता. आता लिहिलंय तर बघा, काही मजाच राहिली नाही त्यात.

खुन्नस होतीच माझ्या मनात, खोटं कशाला बोलू? सिन्नरच्या शाळेत नववीचा वर्ग, तुमचा भूगोलाचा तास, आणि तुम्ही विचारलंत, "डिसेंबरात दक्षिण गोलार्धात कोणता ऋतू?" मी सगळ्यांच्या आधी हात वर केला. मास्तरांची मुलगी, मला येणार नाही तर कोणाला येणार! "हिवाळा," मी ठणकावून सांगितलं. वर्ग हसला. मी म्हटलं, "पण बाबा, डिसेंबर म्हणजे तर..." आणि तुम्ही टेबलावर हात आपटलात. "इथे बाबा नाही. सर म्हणायचं. आणि सिन्नरची थंडी साऱ्या जगाला वाटत फिरू नकोस." मग तो पत्र्याचा पृथ्वीगोल माझ्या हातात दिलात आणि तास संपेपर्यंत मला फळ्यापाशी उभं केलंत. हात भरून आले होते. समोर मुली तोंडावर ओढणी धरून हसत होत्या. संध्याकाळी तुम्ही माझ्यासाठी बाजारातून गोडीशेव घेऊन आलात, मला आवडते म्हणून. मी पुडा घेतला आणि म्हटलं, "थँक्यू, सर." तुम्ही आधी हसलात. दुसऱ्या दिवशी मी जेवायला हाक मारली तीही 'सर' म्हणूनच. आठवड्यानं तुमचं हसणं बंद झालं. कॉलेजात गेले, लग्न झालं, तुम्हाला दवाखान्यात ठेवलं तेव्हा उशाशी बसले, पण मी तुम्हाला दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारली नाही. एकदा तोंडातून निघालं की मागे घ्यायचं नाही, हा स्वभाव कोणाकडून आला ते तुम्हीच बघा.

तर प्रवास. मी पिंपळगावच्या बाजूला द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये काम करते, परदेशी जाणाऱ्या मालाचे कागद माझ्याकडे असतात. जानेवारी ते एप्रिल मान वर करता येत नाही. मे मोकळा असतो आणि दिवाळी मोकळी असते. मी आईला म्हटलं, आपण आफ्रिकेला जायचं, बाबा दाखवणार होते तो... नाही, मी 'सर दाखवणार होते' असंच म्हटलं असणार. ती शेंगा सोलत होती. हात न थांबवता म्हणाली, "मे महिन्यात जाऊ या का?" मी हसलेच. "आई, मे महिन्यात सोमेश्वरला काय असतं? नुसते दगड! मग तिथे काय वेगळं असणार? धबधबा बघायचा तर पावसाळा संपला की. दिवाळीत." अहो, आपण नाशिकचे लोक! श्रावणात दुगारवाडी, गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पाणी सोडलं की सोमेश्वर, आणि फार तर दिवाळीपर्यंत चालतं. संक्रांतीनंतर धबधब्याचं नाव काढलं तर लोक वेड्यात काढतील. हे मला कोणा मास्तरानं शिकवायला लागलं नाही. आई "बरं" म्हणाली आणि सूप घेऊन शेंगा पाखडायला लागली.

त्या 'बरं'मध्ये काय होतं ते मला तेव्हा कळायला हवं होतं. आम्ही पिवळ्या तापाची लस घ्यायला गेलो तर डॉक्टर म्हणाले, "आजी, साठीच्या पुढे ही लस विचार करून द्यावी लागते." एकाहत्तर वर्षांची आपली आई त्यांना म्हणते, "माझा इचार करून झालाय, टोचा तुम्ही." व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म भरताना मी चुकून झांबियात दोनदा प्रवेशाचा पर्याय निवडला आणि महिनाभर स्वतःला शिव्या देत बसले. दोनदा कशाला आत जायचंय, एकदा गेलो म्हणजे झालं ना! लक्ष्मीपूजन आटोपलं, पाडवा झाला आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. कसारा घाट उतरून मुंबई, मुंबईहून नैरोबी. आई खिडकीपाशी. विमान खाली यायला लागलं तशी तिनं माझ्या कोपराला ढोसलं. "विषुववृत्त ओलांडलं का गं?"

सर, मी दचकले. चौथी शिकलेली बाई! जन्मभर तिनं भाकरी थापल्या, मळ्यातल्या मेथीच्या जुड्या बांधल्या. विषुववृत्त हा शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता, आणि तिनं तो असा उच्चारला, जसं आपण मोहदरी घाट उतरलो का असं विचारावं. मी म्हटलं, "तुला काय माहीत विषुववृत्त?" ती म्हणाली, "का, या नैरोबीजवळनंच जातं ना ते?" आणि परत खिडकीबाहेर बघायला लागली. मला वाटलं, शेजारच्या पोरांचा अभ्यास ऐकून ऐकून पाठ झाला असेल.

नैरोबीहून दुसरं विमान झांबियातल्या लिव्हिंगस्टनला. गाव छोटं आहे, आपल्या सटाण्याएवढं वाटलं मला. रस्ते रुंद आणि ऊन असं, की डोकं भणभणावं. गावापासून धबधबा फार तर नाशिकहून सिन्नर फाट्याएवढा लांब. सकाळी टॅक्सी केली. टॅक्सीवाला पन्नाशीचा, शांत माणूस, आईला 'अमाई' म्हणायला लागला. त्यांच्याकडे आईला तसंच म्हणतात म्हणे. आई खूश. "अगं, हा मला आईच म्हणतोय की!" आम्ही दोघींनी रेनकोट आधीच चढवले होते. इंटरनेटवर लिहिलं होतं ना, नखशिखांत भिजता, कॅमेरे प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. आईनं साडीवर निळा रेनकोट, पायात माझ्या मुलाचे बूट. टॅक्सीवाल्यानं आरशातून आमच्याकडे दोनदा बघितलं आणि गाडी सुरू केली. आता मला वाटतं, त्यानं हसू दाबलं असणार.

तिकीट काढलं, झाडीतून चालत गेलो. मी पुढे, आई मागे. मला कानात प्राण आणून आवाज ऐकायचा होता. तुम्ही सांगायचात ना, तिथले लोक त्याला गरजणारा धूर म्हणतात, कोसावरून ऐकू येतो. ऐकू येत होते फक्त पक्षी आणि कुठल्यातरी शाळेच्या सहलीची पोरं. झाडी संपली. समोर कातळ. सर, नुसता काळा कातळ! या टोकापासून त्या टोकापर्यंत उभा, कोरडा ठणठणीत, उन्हात तापलेला. खाली दरी. लांबवर कुठेतरी पाण्याच्या दोन-चार धारा, आपल्या नळाला उन्हाळ्यात येतात तशा. दरीवर एक अरुंद पूल आहे, ज्यावर म्हणे माणूस भिजून चिंब होतो. त्या पुलावर एक बाई छत्री उघडून उभी होती, ती उन्हासाठी!

मी तिथल्या दगडावर मटकन बसले. आधी वाटलं, चुकीच्या ठिकाणी आलो. मग वाटलं, धरण बांधलं असेल. मग मी त्या गेटवरच्या माणसाशी भांडायला निघाले, की पैसे घेता आणि पाणी कुठंय? तो बिचारा अगदी सौम्यपणे म्हणाला, "मॅडम, हा आमचा कोरडा काळ. पाऊस आता सुरू होईल. एप्रिल-मेमध्ये या, तेव्हा इथे उभं राहता येत नाही इतकं पाणी असतं." मे! मला कोणीतरी कानाखाली मारल्यासारखं झालं. आणि कहर ऐका. दक्षिण आफ्रिकेची द्राक्षं डिसेंबरात निघतात, कारण तेव्हा तिकडे उन्हाळा असतो, आणि ती युरोपात आमच्या आधी पोचतात म्हणून आम्ही पॅकहाऊसमध्ये दर वर्षी बोटं मोडतो. हे मी रोज बोलते हो! वीस वर्षं बोलतेय! द्राक्षाचं कळत होतं आणि पाण्याच्या वेळी मी पुन्हा सिन्नरची थंडी घेऊन जगभर निघाले होते. नववीत होते तिथेच, फळ्यापाशी, हातात गोल घेऊन.

मी रडत होते, चिडून. आणि आई? आईनं शांतपणे रेनकोटची बटणं काढली. "आता काढू ना हा? लय उकडतंय." घडी घालून पिशवीत ठेवला, पिशवीतून फराळाचा डबा काढला, आणि तेवढ्यात झाडावरून एक भलंमोठं माकड उतरलं, आपल्या सप्तशृंगीच्या माकडांच्या दुप्पट, आणि चिवड्याची अख्खी पिशवी उचलून चालतं झालं. पळालंसुद्धा नाही, चालत गेलं! आई हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला. मला ते बघवेना. मी ओरडले, "आई, तुला काहीच वाटत नाही? एवढ्या लांब आलो आणि पाणी नाही!"

"ते या दिवसांत नसतंच ना इकडं," ती म्हणाली.

मी डोळे पुसले. "तुला काय माहीत?"

"इकडचा पाऊस आपल्या थंडीत पडतो," आई सांगायला लागली, डब्यातला लाडू माझ्या हातात देत. "वर नदीत पाणी भरत भरत यायला चैत्र-वैशाख उजाडतो. आपली दिवाळी म्हणजे त्यांचा जेठ. विहिरी तळाला गेलेल्या. तुझे बाबा रोज नव्हते का सांगत?" मी म्हटलं, कोणाला सांगत? कधी? तर म्हणते, "मला. दुसऱ्या दिवशी शाळेत जे शिकवायचं ते आदल्या दिवशी संध्याकाळी माझ्यासमोर शिकवून बघायचे. मी भाकरी करायची अन् ते पाटावर बसायचे. म्हणायचे, तुला कळलं की वर्गाला कळलं. हा धबधबा तर त्यांनी परातीतल्या पिठात बोटानं काढून दाखवला होता. ही नदी, ही चीर, हा पूल. मग मी त्याच्यावरच पाणी ओतून मळायची."

सर, मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. मी संध्याकाळी स्वयंपाकघरात पाऊल टाकायची नाही, कारण तिथे तुम्ही असायचात. मला वाटायचं, तुम्ही आईला हुकूम सोडत बसता. तीस वर्षं तुमचा प्रत्येक धडा तिनं आधी ऐकलेला होता! मी विचारलं, "मग तू बोलली का नाहीस? घरी का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "मे म्हटलं होतं की एकदा. तू दगड म्हणालीस. मग तिकिटं काढून आलीस, देवापुढं पेढे ठेवलेस. निघायच्या कामाला मी नाट लावू का? तसं कुणी करतं का?" मी डोक्याला हात लावला. पाण्याशिवायचा धबधबा बघायला ही बाई सात समुद्र ओलांडून आली, लस टोचून घेतली, पण शुभ कामाच्या तोंडावर 'नको' म्हणाली नाही. आणि वर म्हणते, "शिवाय पाणी हाय की. पलीकडं हाय."

"पलीकडे कुठे?"

"त्या अंगाला. तिकडं पात्र खोल हाय, उन्हाळ्यात सगळं पाणी तिकडून जातं. पुलावरनं जायचं. पण दुसरा देश लागतो, शिक्के मारून घ्यावे लागतील, असं तुझे बाबा म्हणायचे."

मी रागारागानं माझा रेनकोट टॅक्सीत फेकला. टॅक्सीवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, अमाईचं बरोबर आहे. झिम्बाब्वेचा व्हिसा तिथे सीमेवर मिळतो, फक्त परत यायला तुमच्याकडे झांबियाचा दोनदा प्रवेशाचा व्हिसा हवा. दोनदा! महिनाभर ज्या चुकीसाठी मी स्वतःला बोल लावला तीच कामाला आली. माझ्या अख्ख्या प्रवासात तेवढी एकच गोष्ट बरोबर झाली, आणि तीही चुकून. त्यानं सीमेपर्यंत सोडलं. रांग, शिक्का, आणि मग दरीवरचा दुसरा पूल, दोन देशांमधला, जुना लोखंडी. आम्ही चालत निघालो. पुलाच्या मध्यावर एका तरुण मुलीनं पायाला दोर बांधून खाली उडी घेतली. "अगंबाई!" करून आईनं माझा दंड असा आवळला, की दोन दिवस वळ होता. ती मुलगी खाली लोंबकळत हसत होती. आई म्हणाली, "हे काय तुझ्या बाबांनी सांगितलं नव्हतं."

पलीकडे पुन्हा रांग, पुन्हा शिक्का, आणि फाटकातून आत गेलो तोच पायाखालची जमीन घुमायला लागली. दिसत काही नव्हतं, नुसता आवाज. मग झाडांवरून थेंब पडायला लागले. मी म्हटलं, पाऊस आला की काय. आईनं पिशवीतून घडी काढली, झटकली आणि रेनकोट अंगावर चढवला. मग दिसलं. काय सांगू तुम्हाला! पांढरं, फुटलेलं, उड्या मारत खाली जाणारं पाणी, आणि खालून वर येणारा धूर, पार अंगावर. हे कमी पाणी! आई डोळ्यांवर हात धरून बघत राहिली. म्हणाली, "गंगेच्या पात्रातला आपला दुतोंड्या मारुती कुठल्या कुठं बुडाला असता गं." मग हात जोडले, जसे गंगेला जोडते. मी कोरड्या अंगानं गेले होते ती दोन मिनिटांत चिंब. डोळ्यांतलं पाणी वेगळं कळलं नाही, हे बरंच झालं.

तिथे एक बाक आहे. आम्ही तिथे ओल्यातच बसलो, आणि आई माझ्या कानाशी येऊन मोठ्यानं बोलायला लागली, कारण हळू बोललेलं ऐकूच येत नव्हतं. म्हणून तर आत्तापर्यंत ती हे कधी बोलली नसेल. म्हणाली, "तुला गोल घेऊन उभं केलं ना, त्या संध्याकाळी ते पाटावर बसले पण धडा नाय घेतला. म्हणाले, पोरीला उभं करायला नको होतं. पण सोडलं असतं तर बाकीची पोरं म्हणाली असती, घरची म्हणून सोडली. म्हणाले, तिची माफी मागतो. गोडीशेव आणायला गेले. तू सर म्हणालीस. मग म्हणाले, राहू दे, बाबा म्हणेल त्या दिवशी बोलीन." मी विचारलं, "मग?" आई म्हणाली, "मग काय. रोज विचारायचे मला, आज काय म्हणाली. मी सांगायची, सरच म्हणाली." मी ओरडले, "आणि हेही तू मला सांगितलं नाहीस!" ती म्हणाली, "तुमच्या दोघांच्यात मी काय बोलू? ते म्हणायचे तिला कळेल. तू म्हणायची त्यांना कळेल. दोघांचं डोकं एक." आणि माझ्या केसांतलं पाणी ती पदरानं पुसायला लागली. शेहेचाळीस वर्षांच्या बाईचे केस, चारचौघांत.

मला भयंकर राग आला, सर. तुमचा, तिचा, सगळ्यात जास्त माझा. तेरा वर्षं तुम्ही एका शब्दाची वाट बघत होतात आणि मी तो दाताखाली धरून बसले होते. दवाखान्यातसुद्धा. तिथे, त्या बाकावर, मनात आलं की आत्ता म्हणावं, मोठ्यानं, इथे कोणाच्या बापाला ऐकू जाणार आहे! उठले, कठड्यापाशी गेले, तोंड उघडलं. आणि खोटं वाटेल, पण तोंडातून निघालं 'सर'. एवढ्या आवाजातही मला ते ऐकू आलं.

हे पत्र कुठे टाकणार? तुमचे धडे आधी ओट्यापाशी व्हायचे, म्हणून हेही आईला तिथेच वाचून दाखवायचं ठरवलंय, ती भाकरी करत असताना. वर 'सर' लिहिलंय ते खोडणार नाही, खाडाखोड तुम्हाला चालायची नाही. वाचताना मात्र मी दुसरा शब्द वाचणार आहे. जमतंय का ते बघावं म्हणून आत्ता, आई भाजी आणायला खाली गेलीय तेवढ्यात, रिकाम्या ओट्यापुढे उभी राहिले. पहिल्यांदा नुसती हवाच निघाली. दुसऱ्यांदा पुन्हा 'स'च आला. तिसऱ्यांदा जोरात निघाला, इतका, की समोरच्या खिडकीतून नव्यानं राहायला आलेल्या वहिनींनी डोकं बाहेर काढलं. "काय हो, बाबांना हाक मारताय? आले का ते गावाहून?"

"नाही हो," मी म्हटलं, "मीच उशिरा पोचले."